फूलबागेत पहिल्यांदा धरण्याला बसण्याआधी

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मोर्चाचा विषय निघाला की वडीलधारी मंडळी "आपल्याला काय करायचंय" म्हणून तो मिटवतात, आणि नुकतीच नोकरीला लागलेली पोरं "चला, उद्याच कलेक्ट्रेटवर जाऊ" म्हणून उठतात. हा लेख त्या उठणाऱ्यांसाठी आहे. वडीलधाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यातलं निम्म्याहून जास्त काम घरात बसूनच करायचं असतं.

एक उदाहरण धरून चालू. समजा दौलतगंजकडच्या किंवा शिंदे की छावनीतल्या तुमच्या गल्लीत गेले दोन महिने नळाला गढूळ, वास मारणारं पाणी येतंय. शहराला पाणी तिघऱ्याच्या धरणातून येतं, पण तुमच्या घागरीत गटार मिसळतंय ते बहुधा गल्लीतल्या गंजलेल्या पाइपात. सगळे वैतागलेत. कुणीतरी म्हणतं, आता रस्त्यावर उतरायचं. उतरा, पण लगेच नको.

आधी कागद

पहिलं काम तक्रारीचं. मध्य प्रदेशात सीएम हेल्पलाइनचा 181 हा नंबर आहे. फोन केला की शिकायत क्रमांक मिळतो. तक्रार आधी खालच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथे निकाल लागला नाही तर पायरीपायरीने वर सरकते. इथे नवखा माणूस हमखास फसतो. चार दिवसांनी गोड आवाजात फोन येतो, "भाईसाब, काम हो जाएगा, शिकायत बंद करवा दीजिए." काम झालेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'हो' म्हणू नका. एका घरातून एक तक्रार न करता दहा घरांतून दहा करा आणि सगळे क्रमांक एका वहीत उतरवा.

मंगळवारी कलेक्ट्रेटमध्ये जनसुनवाई असते, म्हणजे अधिकारी समोर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात. तिथे अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्यायची. ती प्रत हाच तुमचा पुरावा. त्याच आठवड्यात माहितीच्या अधिकाराखाली नगर निगमकडे अर्ज टाका. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. काय मागायचं? गेल्या सहा महिन्यांत तुमच्या वॉर्डातल्या पाण्याचे नमुने कधी घेतले, तपासणीत काय निघालं, पाइपलाइन बदलण्याचा प्रस्ताव मंजूर आहे का, असेल तर किती रकमेचा आणि काम कुणाला दिलंय. "पाणी घाण का येतं?" असा प्रश्न विचारू नका. त्या कायद्यात कारणं मागता येत नाहीत, कागद मागता येतात.

याचा कंटाळा येतो हे मला मान्य आहे. पण 1917 साली चंपारणला गांधी गेले तेव्हा त्यांनी आधी सभा घेतली नाही, निळीच्या शेतकऱ्यांचे जबाब लिहून घ्यायला सुरुवात केली. हजारो जबाब. प्रत्येकाची उलटतपासणी करायची, जो टिकणार नाही तो घ्यायचा नाही, असा दंडक होता. गुप्त पोलिसांचा माणूस खोलीत येऊन बसायचा, त्यालाही बसू दिलं. धरण्याच्या दिवशी अधिकारी जेव्हा म्हणेल, "हमारे पास तो कोई शिकायत आई ही नहीं", तेव्हा घोषणा देऊन काही होत नाही. तिथे क्रमांकांची वही उघडावी लागते.

मागणी अशी हवी की कुणाला तरी 'हो' म्हणता यावं

"शुद्ध पाणी मिळालंच पाहिजे" ही घोषणा झाली. तिला कुठलाही अधिकारी मान डोलावेल आणि काहीही करणार नाही. मागणी अशी लिहा: अमुक चौकापासून अमुक मंदिरापर्यंतची पाइपलाइन अमुक तारखेपर्यंत बदला. ती बदलेपर्यंत सकाळ-संध्याकाळ टँकर पाठवा. दर पंधरवड्याला पाणी-तपासणीचा अहवाल वॉर्ड कार्यालयाच्या भिंतीवर लावा. तीन मागण्या, त्यांतली एक आजच मान्य होण्यासारखी (टँकर), एक थोडी लांबची, आणि एक अशी की जी पुढे लक्ष ठेवायला कामाला येईल. सात-आठ मागण्या लिहिल्या की अधिकारी सर्वांत स्वस्त ती उचलतो आणि "आपकी बात मान ली" म्हणून मोकळा होतो.

मग ठरवा, 'हो' कोण म्हणू शकतं. आपल्याकडे सगळं कलेक्टरकडे नेण्याची सवय आहे. पाण्याच्या पाइपचा निर्णय निगम आयुक्तांच्या टेबलावर होतो. पैशाचा प्रश्न असेल तर महापौर आणि परिषदेकडे, आणि तुमचा पार्षद (नगरसेवक) मधे असतोच. या माणसांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा की त्याला कशाची भीती वाटते आणि कशाचा उपयोग होतो. निवडणूक जवळ आलेल्या पार्षदाला तुमच्या गल्लीतली दोनशे मतं दिसतात, बदली होऊन नुकत्याच आलेल्या अधिकाऱ्याला ती दिसत नाहीत.

अमेरिकेत नॅशव्हिल शहरात 1960 साली काळ्या विद्यार्थ्यांनी दुकानांतल्या जेवणाच्या काउंटरवर बसण्याचा सत्याग्रह केला. त्यांच्या वकिलाच्या घरावर बाँब पडला, तेव्हा हजारो लोक गप्प चालत न्यायालयाच्या पायऱ्यांपर्यंत गेले. तिथे डायन नॅश या तरुण मुलीने महापौरांना सरळ विचारलं की काउंटरवरचा हा भेद थांबावा असं तुम्हाला वाटतं का. महापौर हो म्हणाले. तीन आठवड्यांच्या आत काउंटर उघडले. प्रश्न असा विचारलेला होता की उत्तर फक्त हो किंवा नाही असंच देता आलं असतं.

आणि आपल्याच गावचं उदाहरण उलट बाजूने. 2 ऑक्टोबर 2007 ला भूमिहीनांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एकता परिषदेच्या पी. व्ही. राजगोपाल यांच्याबरोबर सुमारे 25,000 भूमिहीन आणि आदिवासी ग्वाल्हेरहून पायी दिल्लीला निघाले. 'जनादेश' यात्रा. महिनाभर महामार्गावर, दिवसातून एकदा जेवून, आणि कुठे दगड उचलला गेला नाही. दिल्लीत पोचल्यावर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय भूमिसुधार परिषद नेमण्याची घोषणा झाली. मोठा विजय वाटला. 2012 उजाडलं तरी त्या परिषदेची एकही बैठक झालेली नव्हती. तेव्हा त्याच ग्वाल्हेरहून ऑक्टोबर 2012 मध्ये पुन्हा निघावं लागलं, या वेळी सुमारे 50,000 लोकांना. 11 ऑक्टोबरला आग्र्यात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्याशी दहा कलमांचा लेखी करार झाला तेव्हा ते थांबले. दुसऱ्या वेळचा कागद पहिल्या वेळच्या घोषणेपेक्षा घट्ट होता, कारण त्यात काय, किती दिवसांत, हे लिहिलेलं होतं. त्यातलंही सगळं झालं असं नाही, पण निदान काय राहिलं ते बोट ठेवून दाखवता आलं.

माणसं

इथे आपल्या मराठी लोकांची एक अडचण आहे, ती स्पष्ट बोलू. ग्वाल्हेरात आपण मूठभर आहोत. गणेशोत्सव, मंडळ, हळदीकुंकू यांत आपण आपापसांत रमतो, आणि काही झालं की आपल्या मंडळाच्या लेटरहेडवर पत्र देतो. गढूळ पाणी मराठी-हिंदी बघून येत नाही. शेजारचे कुशवाह, जैन, खान, जाटव सगळे एकाच पाइपावर आहेत. ज्ञापन (निवेदन) हिंदीत लिहा, बैठक त्यांच्या ओसरीवर घ्या, आणि पुढे बोलणारी सगळी मराठी नसतील असं बघा. एकाच समाजाचा मोर्चा दिसला की प्रशासन त्या समाजाच्या चार प्रतिष्ठितांना चहाला बोलावतं आणि विषय संपतो.

बायकांना बैठकीला 'बोलावू' नका, बैठक त्यांच्या वेळेला ठेवा. पाणी कधी येतं, किती वेळ येतं, पहिली बादली कशी असते, हे त्यांनाच माहीत असतं. तीन आठवडे रोज तारीख, वेळ आणि बाटलीतल्या पाण्याचा फोटो अशी नोंद ठेवणारी एखादी काकू दहा भाषणांपेक्षा मोलाची.

सरकारी नोकरांना ओढू नका. मध्य प्रदेशच्या 1965 च्या सिव्हिल सेवा आचरण नियमांनी त्यांच्यावर निदर्शनांबाबत बंधनं आहेत. त्यांना घरून करण्यासारखी कामं द्या: टायपिंग, हिशेब, चहा. पक्षाचा झेंडा येऊ द्यायचा की नाही हे पहिल्याच बैठकीत ठरवा, कारण धरण्याच्या दिवशी कुणीतरी नेता गाडीतून उतरणार, माइक मागणार, आणि त्या क्षणी तुमच्यात एकमत नसेल तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ते त्याचं आंदोलन असतं. माझं मत: या, बसा, पण झेंडा गाडीत ठेवा.

अहिंसेचं हिशेबी कारणही माणसांशीच जोडलेलं आहे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टेफान या अभ्यासकांनी 1900 ते 2006 मधल्या जगभरच्या 323 मोहिमा तपासल्या. अहिंसक मोहिमांपैकी 53 टक्के यशस्वी झाल्या, सशस्त्रांपैकी 26 टक्के. त्या मोहिमा राजवटी उलथवण्याच्या होत्या, वॉर्डातल्या पाइपच्या नव्हत्या, तेव्हा हा आकडा बॅनरवर छापू नका. कारण मात्र इथेही लागू पडतं. जिथे दगड उडणार नाहीत तिथे आजी येते, दुकानदार येतो, बारावीची मुलगी येते. आणि दगड उडाले की काय होतं तेही ग्वाल्हेरने पाहिलंय. 2 एप्रिल 2018 च्या भारत बंदच्या दिवशी इथे गोळ्या चालल्या, माणसं मेली, कर्फ्यू लागला, इंटरनेट बंद झालं. बंद कशासाठी होता हे आज किती जणांना सांगता येईल? गोळ्या सगळ्यांना आठवतात.

कोणतं हत्यार

सरळ उपोषणावर जायचं नाही. हलक्यापासून जड असा क्रम ठेवा: ज्ञापन, मग काळ्या फिती किंवा गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन निगमसमोर मूक उभं राहणं, मग एक दिवसाचं धरणं, मग साखळी धरणं. प्रत्येक पायरीनंतर समोरच्याला उत्तर द्यायला वेळ द्या आणि पुढची पायरी कोणती ते आधीच कळवा. बाटल्यांची कल्पना साधी आहे, पण फोटोत पाणी दिसतं आणि कुणाला समजवावं लागत नाही.

चक्काजाम माझ्या मते नवख्यांनी करूच नये. त्यात अँब्युलन्स अडकते, बससाठी थांबलेली माणसं तुमच्यावर चिडतात, आणि ज्याने निर्णय घ्यायचा तो आयुक्त दुसऱ्या रस्त्याने घरी जातो. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर 2020 मध्ये दिल्लीतल्या शाहीन बागच्या धरण्याच्या प्रकरणात म्हटलंय की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही.

थेट कृती म्हणजे मागत न बसता आपला हक्क वापरून दाखवणं. मराठी माणसाला हे शिकायला लांब जावं लागत नाही. मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला होता की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. पुढे महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तळं मात्र बंदच राहिलं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक शिस्तीत चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. कायदा त्यांच्या बाजूला होता, त्यांनी तो फक्त अमलात आणला. यानंतर काय झालं ते नवख्यांनी जास्त नीट वाचावं. लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा गावात उठवली गेली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. त्यांच्यात लष्करात राहिलेले लोक होते, तरी उलटा हल्ला झाला नाही. डिसेंबरात दुसरी परिषद भरली तोवर विरोधकांनी न्यायालयाचा मनाईहुकूम आणला होता. जमलेले हजारो सत्याग्रही तुरुंगात जायला तयार होते. तरीही मनाईहुकूम न मोडण्याचं ठरलं, गावातून मिरवणूक निघाली, आणि लढाई न्यायालयात नेली. 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला. जमलेली गर्दी 'आत्ताच' म्हणत असताना थांबायचं ठरवणं हे लाठ्या खाण्याइतकंच अवघड, आणि त्याची तयारी कुणी करत नाही.

उपोषणाबद्दल दोन शब्द. साने गुरुजी 1 मे 1947 ला पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळाचे दरवाजे हरिजनांना उघडावेत म्हणून उपोषणाला बसले, आणि दहा दिवसांत मंदिर खुलं करण्याचं ठरलं. त्या आधी कित्येक महिने ते महाराष्ट्र पालथा घालत हिंडले होते. लोकांचं मन आधी तयार झालं होतं, उपोषण शेवटी आलं. गल्लीच्या पाण्यासाठी आमरण उपोषण हा शब्दसुद्धा उच्चारू नका. नव्या भारतीय न्याय संहितेच्या 226 व्या कलमात सरकारी नोकराला काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून अडवण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंतची साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा. एक दिवसाचं लाक्षणिक उपोषण वेगळं, तेही मधुमेह-रक्तदाब असलेल्यांनी करू नये.

परवानगी

घटनेच्या 19 व्या कलमाने शांततेने, शस्त्रांविना जमण्याचा हक्क दिलाय, त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. ग्वाल्हेरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे मनाईचे आदेश जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टर काढतात. जुनं 144 कलम आता नागरिक सुरक्षा संहितेचं 163 झालंय, 1 जुलै 2024 पासून, पण बोलताना सगळे अजून 'धारा 144' च म्हणतात. आदेश साधारण दोन महिन्यांपर्यंत चालतो. तारीख ठरवण्याआधी तो लागू आहे का आणि त्यात नेमकं काय लिहिलंय ते वाचा. कधी कधी परवानगी घेऊन कार्यक्रम करायला त्यात वाव असतो.

अर्ज एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) कार्यालयात द्यायचा, प्रत पोलीस थान्यात. अर्जात जागा, वेळ (सुरू आणि संपण्याची), अंदाजे संख्या, मार्ग असेल तर मार्ग, दोन जबाबदार व्यक्तींची नावं आणि फोन. लाउडस्पीकरसाठी वेगळी परवानगी लागते, राज्याच्या 1985 च्या कोलाहल नियंत्रण अधिनियमाखाली, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच. भिंतीवर पोस्टर डकवू नका, संपत्ती विरूपण कायद्यात दंड आहे आणि भिंत बहुधा तुमच्याच कुणा समर्थकाची असते. उत्तर आलं नाही तर आठवणीचं पत्र द्या, तेही शिक्का घेऊन.

जागा म्हणून महाराज बाडा सगळ्यांना सुचतो. गर्दी तयार मिळते हे खरं, पण दुकानदार, ठेलेवाले, ट्रॅफिक, सगळे तुमच्या विरोधात जातात. फूलबाग चौराह्यावर लोकांना धरणी-निदर्शनं बघायची सवय आहे, पत्रकारांना जागा ठाऊक आहे, आणि शेजारीच राणी लक्ष्मीबाईंची समाधी असल्याने भाषणाला सुरुवात शोधावी लागत नाही. (तेवढ्यासाठी झाशीच्या राणीवर पंधरा मिनिटं घालवू नका. पाण्यावर बोला.)

सराव

हा भाग लोक हसून टाळतात आणि इथेच सगळं बिघडतं.

नॅशव्हिलच्या त्या विद्यार्थ्यांना तयार करणारे जेम्स लॉसन 1953 पासून सुमारे तीन वर्षं आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधींचं तंत्र त्यांनी इथे समजून घेतलं आणि परत जाऊन चर्चच्या तळघरात मुलांची तालीम घेतली. काही मुलं काउंटरवर बसायची, बाकीची गुंड व्हायची: शिव्या द्यायच्या, खुर्ची ओढायची, केसांना हिसडा द्यायचा. बसलेल्यांनी उत्तर द्यायचं नाही, पळायचं नाही. प्रत्यक्ष दिवशीही लेखी नियम हातात होते: उलट मारू नका, शिवी देऊ नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा.

तुम्हीही एका रविवारी शाळेच्या मैदानात तासभर हे करा. एकाने इन्स्पेक्टर व्हावं, एकाने दारू पिऊन आलेला माणूस, एकाने "तुम मराठी लोग बाहर से आए हो" म्हणणारा. या वाक्यावर आपली पोरं भडकतात, म्हणून तेच आधी वापरा. ठरवा की अशा वेळी कोण बोलेल, आणि बाकीचे काय करतील. बसणं हे सर्वांत सोपं उत्तर आहे. सगळे एकदम खाली बसले की धक्काबुक्कीला जागा उरत नाही आणि मधे घुसलेला एकटा उभा दिसतो.

गणपती विसर्जनाला दोरी धरून मिरवणूक आवरणारी मुलं तुमच्याकडे आहेतच. त्यांनाच शिस्तदल करा, दहा-पंधरा माणसांमागे एक, हाताला एकच रंगाची पट्टी. त्यांना दोनच अधिकार: घोषणा थांबवणं आणि खाली बसायला सांगणं.

त्या दिवशी

मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा 45 च्या पुढे जातो. तेव्हा धरणं ठेवायचंच असेल तर सकाळी लवकर, आणि तंबूची सावली, पाण्याचे माठ, ओआरएसची पाकिटं आधी. जानेवारीत धुक्यामुळे अकराच्या आत कुणी येत नाही. लहान मुलांना ढालीसारखं पुढे बसवू नका, बघणाऱ्यालाही ते आवडत नाही.

कामं वाटून द्या: पोलिसांशी बोलणारा एकच, पत्रकारांशी बोलणारी एकच, प्रथमोपचार, पाणी, आणि दोघं जण फक्त व्हिडिओसाठी. व्हिडिओ लपून नाही, उघडपणे, दोन पावलं मागून आणि सलग घ्यायचा. तुकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात, कारण फोन जप्त होऊ शकतो आणि इंटरनेट बंद होऊ शकतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'लाठीचार्ज झाला म्हणे' असा मेसेज आला तर पुढे पाठवण्याआधी जागेवरच्या माणसाला फोन करा. महाडचं देऊळ आठवा.

काहीतरी फुटलं, कुणी दगड उचलला, तर कार्यक्रम तिथेच संपवा. गांधींनी चौरीचौरानंतर, फेब्रुवारी 1922 मध्ये, देशभरचं आंदोलन मागे घेतलं तेव्हा त्यांचेच सहकारी संतापले होते. तुमच्यावरही लोक संतापतील. मध्य प्रदेशात 2021 पासून संपत्तीच्या नुकसानीची वसुली करणारा कायदा आहे, दुपटीपर्यंत रक्कम वसूल होऊ शकते, आणि आयोजक म्हणून अर्जावर नाव तुमचं असतं.

पोलीस आले तर

बहुतेक वेळा गोष्ट एवढीच असते: बसमध्ये बसवतात, पोलीस लाइनला नेतात, संध्याकाळी सोडतात. तरी हक्क माहीत असू द्या. पांगण्याचा आदेश मिळाला तर मोठ्याने विचारा की आदेश कुणाचा आहे, आणि जायचं की बसायचं हे गटाने आधीच ठरवलेलं असू द्या. बसायचं ठरवलं असेल तर तो कायदेभंग आहे, त्याची शिक्षा भोगायची तयारी असलेल्यांनीच बसावं, बाकीच्यांनी उठून बाजूला व्हावं. उठणाऱ्याला कुणी भित्रा म्हणायचं नाही.

अटक झाली तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं, वकिलाला भेटू देणं आणि 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर नेणं, हे सगळं बंधनकारक आहे. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी साधारणपणे अटक करता येत नाही. प्रतिबंधात्मक अटक, जिला लोक अजून 'एक सौ इक्यावन' म्हणतात, ती आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 170 व्या कलमाखाली होते. त्यानंतर एसडीएमपुढे 'बाउंड ओव्हर' करून मुचलका, म्हणजे शांतता राखण्याचं हमीपत्र, लिहून घेतात. सही करण्याआधी किती रकमेचा आणि किती काळाचा ते वाचा, कारण त्या काळात पुन्हा धरणं धरलं तर ती रक्कम अंगावर येऊ शकते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन 15100. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

सोडल्यावर 'सगळे घरी पोचले का' हे यादीवर टिक करून बघणारं एक माणूस ठेवा. हे काम फारसं कुणाला नको असतं.

दुसऱ्या दिवशी

धरण्यावर अधिकारी आला, "सात दिन में करवा देंगे" म्हणाला, टाळ्या पडल्या, सगळे घरी. इथे नव्वद टक्के गट विरघळतात, असं माझं निरीक्षण आहे. तो बोलत असतानाच एकाने लिहून घ्यायचं, त्याला वाचून दाखवायचं आणि सही मागायची. सही दिली नाही तर त्याच संध्याकाळी त्याच्या कार्यालयाला पत्र पाठवा: आज आपण अमुक ठिकाणी, अमुक इतक्या लोकांसमोर, अमुक तारखेपर्यंत हे करण्याचं कबूल केलंत. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. प्रत पत्रकारांना, पार्षदाला आणि थान्याला.

हिशेब गल्लीच्या ग्रुपवर टाका, तंबूचे किती, पाण्याचे किती, वर्गणी कुणाकडून. पैशावरून जेवढी आंदोलनं फुटली तेवढी लाठ्यांनी फुटली नाहीत.

मग एक बोर्ड करा, साधा पांढरा, चौकात. वर मागण्या, खाली तारखा, पुढे 'झालं' किंवा 'नाही झालं'. टँकर आला त्या दिवशी त्याची वेळ लिहा, आयुक्तांचे आभारही लिहा. आभार मानलेला अधिकारी पुढच्या खेपेला भेटायला नाही म्हणत नाही. सातव्या दिवशी खोदाई सुरू झाली नाही, तर आधी जाहीर केलेली पुढची पायरी उचला, आणि माहितीच्या अर्जाला 30 दिवसांत उत्तर आलं नसेल तर पुढच्या 30 दिवसांच्या आत पहिलं अपील टाका. ते त्याच विभागातल्या वरिष्ठाकडे जातं.